आधी पॉलिसी, मग राजीनामा

बाळा,

काल फोनवर नव्या नोकरीचं सगळं सांगून झाल्यावर, अगदी ठेवता ठेवता तू विचारलंस, "मधल्या दीड महिन्यात मेडिक्लेमचं काय? नव्या कंपनीत मिळेलच ना?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला, म्हणून हे पत्र.

आधी स्वतःची पॉलिसी, मग राजीनामा. हा क्रम उलटा करू नकोस.

ग्रुप मेडिक्लेम हा कंपनीने विमा कंपनीशी केलेला करार. तू नोकरीत आहेस तोवर त्यात तुझं नाव. बहुतेक ठिकाणी लास्ट वर्किंग डेला कव्हर संपतं, तुझ्याबरोबर आईबाबांचंही. फोनमधलं ई-कार्ड मात्र तसंच राहतं. माझ्या एका सहकाऱ्याने नोकरी सोडल्यावर वडिलांना ॲडमिट करताना तेच कार्ड पुढे केलं. नाव, नंबर सगळं जागच्या जागी. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, पुन्हा टाकला, मग खालच्या आवाजात विचारलं, "डिपॉझिट किती भरताय?" मी त्याच्या शेजारी उभा होतो.

नव्या कंपनीत मिळेल, पण जॉइन झाल्यावर. आणि तिथे आईबाबा धरतात का, हे विचारलंस? कित्येक कंपन्या फक्त जोडीदार आणि मुलं घेतात. पगाराचा आकडा तीनदा सांगितलास, हे एकदाही नाही.

ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात, आणि एचआर ते आपणहून क्वचितच सांगतं. ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमधून, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळातून, वजा होतात. बाबांच्या शुगरसाठी ही सवलत फार मोलाची आहे. नवी पॉलिसी घेतलीस तर आधीपासूनच्या आजारांना 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. 2024 पूर्वी तर ही मर्यादा 48 महिने होती. शिवाय अपघात सोडला तर पहिले 30 दिवस क्लेमच नाही. म्हणजे नोकरी सुटल्यावर धावत जाऊन घेतलेली पॉलिसी तुझ्या त्या दीड महिन्यात जेमतेम कामाला येईल.

मायग्रेशन मागितलं की मिळालंच, असंही नाही. कंपनी तपासण्या सांगेल, कदाचित नकार देईल. म्हणून चौकशी आत्ताच, नोकरीत असताना. तिकडून नकाराची चिन्हं दिसली तर दुसरीकडे पॉलिसी घे, तीही नोकरीत असतानाच, म्हणजे ते 30 दिवस ग्रुपच्या कव्हरखाली निघून जातील. आईबाबांची वेगळी घे. एकत्र फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच कव्हर असलेल्या पॉलिसीचा, प्रीमियम सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. महाग पडतं म्हणू नकोस. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला.

मला लोक भित्रा म्हणाले आहेत. आईचं डायलिसिस चालू असताना मी एक चांगली नोकरी नाकारली, कारण तिथे आई कव्हरमध्ये बसत नव्हती आणि त्या आजारात तिला वेगळी पॉलिसी कुणी देईना. ती संधी गेल्याचं वाईट आजही वाटतं. पण निर्णय बरोबरच होता, आणि तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. ज्यांनी नावं ठेवली, त्यांच्यातलं कुणी बिल भरायला येणार नव्हतं. तुझ्या बाबांची तब्येत अजून बरी आहे, म्हणूनच तुला घाई करतोय.

फॉर्ममध्ये बाबांची शुगर, गोळ्या, सगळं लिही. एजंट म्हणेल, "कशाला लिहिताय?" ऐकू नकोस. सलग 60 महिने झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण लपवलेला आजार त्याआधीच नडतो.

सोमवारी राजीनामा टाकणार होतीस ना? थांब. एचआरला आत्ताच विचारायला संकोच वाटत असेल तर ई-कार्डावरचा टोल फ्री नंबर लाव. कव्हर नेमकं कोणत्या तारखेला संपतं आणि मायग्रेशनचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा, हे विचार, आणि उत्तर मेलवर मागून घे. आलं की मला पाठव, आपण दोघं बसून वाचू.

तुझा,
काका