एन्झाइमचं सिरप आणि फवारणीची बाधा

प्रश्न : पऱ्हाटीवर फवारा मारताना माझ्या नवऱ्याला विषबाधा झाली. आठवडाभर दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, एन्झाइम फार खाली गेलं होतं. सुया लावल्यावर ते रात्रभर चादर ओढत होते, काहीबाही बडबडत होते. डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना? आता घरी आहेत. दिरानं मेडिकलमधून एन्झाइमचं सिरप आणून दिलं, ते जेवणानंतर देते. त्यानं भरून निघेल का? बोंडअळी आली म्हणून हे पुन्हा पंप पाठीवर घ्यायचं म्हणतात. – एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सिरपनं भरून निघणार नाही. शरीरात एन्झाइमच्या हजारो जाती आहेत आणि एकीचं काम दुसरी करत नाही. तुमच्या बाटलीवर बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन लिहिलेलं असेल. डायस्टेज भाकरीतला स्टार्च फोडतं, पेप्सिन डाळीतली प्रथिनं. पोट फुगलं तर ठीक, पण यजमानांचं दुखणं पोटाचं नाहीच.

त्यांचं कमी झालं ते कोलिनेस्टरेज. हात उचलायचा तर नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन स्नायूवर पडतं आणि स्नायू आवळतो. कोलिनेस्टरेज ते रसायन तिथल्या तिथं फोडतं, म्हणून स्नायू पुन्हा सैल होतो. याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो, इतकं ते चपळ. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही फवारणीची औषधं नेमकी त्याच्या कामाच्या जागी जाऊन चिकटतात. मग विहिरीवरची मोटार चालू राहावी आणि बंद करायचं बटन जळावं, तशी गत होते : घाम, लाळ, जुलाब, अंग फडफडणं, शेवटी श्वास. रुग्ण आल्याआल्या आम्ही डॉक्टर टॉर्च मारून डोळे बघतो ते त्यासाठीच, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात.

बडबड ॲट्रोपिनच्या सुईची. ते ॲसिटिलकोलीनला पेशीवर बसू देत नाही. जीव वाचवायला भरपूर द्यावं लागतं आणि मात्रा चढली की माणूस हवेत हात मारतो, चादर ओढतो. औषध उतरलं की तेही उतरतं. काळजी नको. दुसरी सुई पॅमची. ती चिकटलेलं विष ओढून काढते, पण वेळेत मिळाली तर. उशीर झाला की विषाची पकड पक्की होते, मग नवं एन्झाइम तयार होण्याची वाट बघण्याशिवाय इलाज नसतो.

ते नवं कुठून येतं? रक्ताच्या पाण्यातलं कोलिनेस्टरेज यकृत बनवतं, काही आठवड्यांत भरून येतं. तांबड्या पेशींवरचं मात्र तसं नाही. एन्झाइम हे प्रथिनच, आणि त्या पेशींना केंद्रकच नसतं, त्यामुळे त्या नवं प्रथिन बनवू शकत नाहीत. जुन्या पेशी जाऊन नव्या येतात तसंच ते वाढतं आणि एक पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे बाधा जोरात झाली असेल तर तीन-चार महिने. बाहेरून कोलिनेस्टरेज पाजलं तरी पोट त्याला तुरीच्या वरणासारखंच पचवून टाकेल.

म्हणून पंपाचं उत्तर साफ नाही. फवारणीही नाही, ड्रममध्ये औषध कालवणंही नाही. साठा अर्धाच असलेल्या माणसाला एरवी सोसली असती तेवढी मात्राही आडवं करते. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या बाधेनं माणसं दगावली, ते तुम्हाला सांगायला नको. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा अंगावरच पडत होता. हे विष कातडीतूनही शिरतं, नाकाला दुपट्टा बांधून भागत नाही. यंदाची फवारणी दुसऱ्याकडून करून घ्या. महागात पडेल, मान्य. पुढच्या हंगामाआधी रक्त पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण लॅबगणिक आकडे बदलतात.

आणखी एक. बाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पिंढऱ्यांत गोळे, पायाला मुंग्या, चालताना पाऊल ओढलं जाणं, असं काही दिसलं तर थकवा म्हणून सोडू नका. जुना रिपोर्ट आणि औषधाच्या डब्याचं नाव घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.