आयनाचं आयनीभवन?

हॅम्बर्गच्या पेट्रा-३ या सिंक्रोट्रॉनवरील (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरील) लोह-आयनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून प्रभारित झालेल्या लोह-अणूंच्या, प्रयोगांवरचा मजकूर मराठीत आणताना एक वाचक अडले. 'फोटोआयोनायझेशन'ला, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवण्याला, प्रकाश-आयनीकरण म्हणू की आयनीभवन? आणि आयन आधीच आयन असेल, तर त्याचं पुन्हा आयनीभवन कसं होणार?

पहिलं सोपं आहे. पाण्याचं बाष्पीभवन होतं, ते आपलं आपण. शुद्धीकरण मात्र कोणीतरी करतं. हाच फरक इथेही धरावा: लोहाच्या कणाच्या बाजूने सांगायचं तर आयनीभवन, प्रयोग करणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर आयनीकरण.

दुसरा प्रश्न फार नेमका आहे. या शब्दांतला 'ई' म्हणजे संस्कृतचा च्वि-प्रत्यय, आणि त्याचा अर्थच मुळी 'आधी नव्हतं ते होणं'. जे बाष्प नव्हतं, त्याचं बाष्पीभवन. मग जे आयन आहेच, त्याचं आयनीभवन व्याकरणाला खटकणारच. रूढ संज्ञा म्हणून शीर्षकात ती चालेल. पण वाक्यात मी प्रभाराची संख्याच सांगेन: 'एकप्रभारित लोह-आयन द्विप्रभारित झाला.' हे शास्त्रालाही धरून आहे, कारण प्रत्येक पायरीची किंमत वेगळी. उदासीन लोह-अणूचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ७.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, एकप्रभारित आयनाचा पुढचा काढायला सुमारे १६.२. शिवाय सुमारे ७०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या क्ष-किरणांनी आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला, की ती जागा भरताना आणखीही काही निसटतात. एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, आयन थेट त्रिप्रभारित, चतुष्प्रभारित होऊ शकतो. 'आयनीभवन' एवढ्या एका शब्दात हा फरक दिसणार कुठून?

आता त्याच मजकुरातलं 'शोषण', म्हणजे 'अ‍ॅब्सॉर्प्शन'. शब्द चांगला आहे. 'अवशोषण'ही चालतो, पण मराठी माणूस पाणी 'शोषून' घेतो, तेव्हा उपसर्गाची गरज मला वाटत नाही. खरी अडचण षष्ठीची आहे. 'आयनांचं शोषण' म्हणजे आयन शोषतात की शोषले जातात? 'आयनांनी केलेलं क्ष-किरणांचं शोषण' असं सरळ लिहावं.

'शोषण मोजलं' हेही जपून लिहा. पेट्रा-३वरच्या या प्रयोगांत आयनांचा झोत आणि क्ष-किरणांचा झोत समोरासमोरून एकाच रेषेत सोडतात. आयनांचा झोत इतका विरळ असतो की किरणांत पडलेली घट हाताला लागत नाही. म्हणून ज्यांनी इलेक्ट्रॉन गमावले ते आयन चुंबकाने बाजूला वळवून एकेक मोजतात. वेगवेगळ्या प्रभारांच्या अशा सगळ्या आयनांच्या संख्यांची बेरीज केली की शोषण कळतं. म्हणजे मोजतात ते आयन, काढतात ते शोषण.

जाता जाता, मला अतिशय आवडणारी गोष्ट. 'आयन' हे नाव शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३४मध्ये विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या सूचनेवरून घेतलं, ग्रीकमध्ये 'जाणारा'. उत्तरायणातलं 'अयन'ही 'इ', म्हणजे जाणे, या धातूचं, आणि हा धातू व त्या ग्रीक शब्दाचा धातू मुळात एकच. म्हणून 'आयन' उपरा म्हणून टाळायची गरज नाही. जुन्या 'मूलक'कडेही वळू नका, तो रॅडिकलसाठी (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या कणासाठी) हवा आहे.

हे सगळं धरून त्या वाचकाच्या मजकुरातलं शोषणाचं वाक्य मी असं करेन: 'क्ष-किरण शोषून एकप्रभारित लोह-आयनांनी किती इलेक्ट्रॉन गमावले, हे तयार झालेल्या आयनांच्या प्रभारावरून मोजलं.'