विल्डर्स जिंकले, तरी पंतप्रधान का झाले नाहीत?

पैगंबरांवरच्या वक्तव्याने वादात सापडलेल्या नूपुर शर्मांच्या बाजूने ट्विट करणारा डच खासदार २०२३ ची निवडणूक जिंकूनही पंतप्रधान का झाला नाही, आणि त्याला आपला मित्र मानायचं का, असे दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. डच संसदेच्या खालच्या सभागृहात १५० जागा असतात. गीर्ट विल्डर्स यांच्या पीव्हीव्ही पक्षाला ३७ मिळाल्या. पहिला नंबर आला खरा, पण बहुमताला ३९ कमी. तिथे आघाडीशिवाय सरकार बनत नाही आणि बाकीचे पक्ष त्यांना पंतप्रधान करायला तयार नव्हते. वाटाघाटी सुरू राहाव्यात म्हणून त्यांनी मशिदी आणि कुराणावर बंदी घालणारं आपलंच विधेयक मागे घेतलं, तरी उपयोग झाला नाही. मार्च २०२४ मध्ये त्यांनी दावा सोडला आणि गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख डिक स्कोफ पंतप्रधान झाले.

काही जण त्यांना 'व्यवस्थेबाहेरचा माणूस' म्हणतात. अहो, १९९८ पासून ते खासदार आहेत! त्याआधी व्हीव्हीडी या उजव्या उदारमतवादी पक्षात भाषणं लिहून द्यायचे. तुर्कस्तानला युरोपीय संघात घेण्याच्या प्रश्नावर २००४ मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अ‍ॅमस्टरडॅममध्ये इस्लामवर टीका करणारे दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉग यांचा एका इस्लामी अतिरेक्याने भररस्त्यात खून केला आणि विल्डर्सना पोलीस संरक्षण मिळालं, ते आजपर्यंत. सुरुवातीला तर नवराबायकोला झाइस्टच्या तुरुंगाच्या आवारात ठेवलं होतं, जिथे लॉकर्बी विमानस्फोटाचा खटला चालला होता तिथेच. धमक्या पोकळ नाहीत. त्यांच्या डोक्यावर इनाम लावल्याबद्दल पाकिस्तानचा माजी क्रिकेटपटू खालिद लतीफ याला डच न्यायालयाने २०२३ मध्ये, गैरहजेरीत, १२ वर्षांची शिक्षा सुनावली.

पण म्हणून विल्डर्स निव्वळ बळी ठरत नाहीत. १९ मार्च २०१४, हेगमधलं एक कॅफे, पालिका निवडणुकीची रात्र. ते मंचावरून विचारतात, या शहरात आणि देशात मोरोक्कन जास्त हवेत की कमी? जमाव 'कमी, कमी' ओरडतो. ते म्हणतात, मग तशी व्यवस्था करू. यावर हजारो तक्रारी झाल्या. २०१६ मध्ये ते दोषी ठरले, पण शिक्षा काहीच झाली नाही. अपिलात भेदभावाला चिथावणी दिल्याचा ठपका पुसला गेला, एका समूहाचा अपमान केल्याचा मात्र २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. (२००८ च्या त्यांच्या 'फित्ना' या इस्लामविरोधी चित्रफितीनंतरच्या वेगळ्या खटल्यात २०११ मध्ये ते सुटले होते.)

माझ्या मते खरी मेख आहे त्यांच्या पक्षात. पीव्हीव्हीला कार्यकर्ते सदस्य नाहीत. कायद्यापुरती त्यांचीच एक संस्था सोडली, तर सदस्य एकच, स्वतः विल्डर्स. हजार सदस्य असल्याशिवाय सरकारी अनुदान मिळत नाही. त्यांनी त्यावर पाणी सोडलं, पण पक्ष दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिला नाही. उमेदवार तेच ठरवतात, धोरणही तेच. बंड कधी झालंच तर सोडून जाणाऱ्यांचं, २०१२ मध्ये त्यांचे खासदार हेरो ब्रिंकमन गेले तसं. आपल्याकडच्या घराण्यांच्या पक्षांतही निदान पुतण्या असतो.

अशा पक्षाला विरोध सोपा जातो, सरकार चालवणं अवघड. २०१० मध्ये २४ जागांच्या जोरावर त्यांनी पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या सरकारला बाहेरून टेकू दिला आणि एप्रिल २०१२ मध्ये खर्चकपातीच्या चर्चेतून उठून गेले. सरकार पडलं आणि त्यांच्या जागा १५ वर आल्या. पुन्हा तेच ३ जून २०२५ ला. निर्वासितांना आश्रय देण्याच्या नियमांवरून, आपलाच पक्ष ज्यात होता ते स्कोफ यांचं चार पक्षांचं सरकार त्यांनी पाडलं, तेही अकरा महिन्यांत. ऑक्टोबरच्या निवडणुकीत ३७ चे २६ झाले आणि तेवढ्याच जागांसह थोडी जास्त मतं घेऊन मध्यममार्गी डी६६ पुढे गेला.

आता मित्राचं. नूपुर शर्मांना पाठिंबा हा इस्लामविरोधातून आला. तो आधीपासून होता, भारत त्यात नंतर आला. त्यांच्या २०२३ च्या जाहीरनाम्यात परदेशी विद्यार्थी कमी करा आणि पदवीचं शिक्षण डचमधून द्या, हेही होतं. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठाला अर्ज करणार असेल, तर ट्विटपेक्षा जाहीरनाम्यातलं हे पान वाचा.