एकट्या बाईने कॅम्परव्हॅन घेऊन ती भाड्याने देण्याचा धंदा करावा का?

तुम्ही लिहिलंय की वय ४४, मुलगा हॉस्टेलला, नाशिकला नोकरी, हाताशी थोडी शिल्लक. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, घेऊन आधी स्वतः फिरायचं, मग ती भाड्याने द्यायची, पण घरचे म्हणतात हे बाईमाणसाचं काम नाही. ताई, जमतं. मी कोल्हापुरातून हेच काम करते आणि माझी गिऱ्हाईकं बहुतेक बायकाच आहेत. फक्त गाडी पसंत करण्याआधी एक ठरवा: कागद कोणाच्या नावावर आणि फोन कोणाचा वाजणार.

आपल्याकडे धंदा बायकोच्या नावावर काढतात आणि बोर्डावर मोबाईल नवऱ्याचा असतो. ओटीपी त्याच्याकडे, मेकॅनिकशी बोलणं त्याचं, भाव ठरवणं त्याचं, बाई सहीपुरती. अशाने गाडी धावेल, पैसेही येतील, पण तुम्हाला जे हवंय ते नाही मिळणार. आरसी, विमा, कर्ज, बँकेचं खातं आणि गाडीच्या मागे लिहिलेला नंबर, सगळं तुमचं असू द्या. सुरुवातीला लोक विचारतात, "साहेब आहेत का?" "मीच आहे, बोला" म्हणायचं आणि सरळ तारीख विचारायची. कोणी अडून बसत नाही. घरच्यांची मदत जरूर घ्या, पण निर्णय तुमच्या हातात ठेवा.

आता कायदा, कारण इथे बऱ्याच जणी अडकतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गिऱ्हाइकाने स्वतः चालवायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, आणि १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे. एका गाडीवर सुरू करणाऱ्या बाईला ते शक्य नाही. म्हणून टुरिस्ट परमिट काढून, पिवळ्या पाटीवर, ड्रायव्हरसकट गाडी द्या. ती ड्रायव्हर तुम्ही स्वतः असाल तर फारच छान, कारण बायकांचा ग्रुप नेमकं तेच शोधत असतो. लायसन्सची धास्ती नको. एकूण ७५०० किलोपर्यंतची गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालवता येते, व्यावसायिक असली तरी. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं.

गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडून सीटा काढून पलंग ठोकून घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे कॅम्परव्हॅनसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी असलेल्या बॉडी बिल्डरकडूनच काम करून घ्या आणि आरसीवर तशी नोंद होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

पैशाचं म्हणाल तर राज्याचं 'आई' हे महिला पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं. त्यात पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख, जे आधी होईल तोवर. हप्ते मात्र वेळेवर जायला हवेत. आणि व्यवसाय बाईच्या मालकीचा, तिनेच चालवलेला असावा ही त्यातली अट मला मनापासून पटते.

बायकांना व्हॅन का हवी असते, तर बाथरूमसाठी. हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सांगलीचा एक भिशीचा ग्रुप मालवणला नेला होता. त्यातल्या एका काकूंनी निघण्याआधी मला तीनदा बाजूला घेऊन विचारलं, "आतलं चालतं ना गं नक्की?" चहा नको म्हणाल्या, गगनबावड्यापर्यंत पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही. घाटाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, त्या आत जाऊन आल्या आणि त्यानंतर त्यांचा चेहराच बदलला. मालवणात उभ्या उभ्या दोन शहाळी प्यायल्या. परतताना पुढच्या सीटवर बसून मला वाटेतल्या पाट्या वाचून दाखवत होत्या. त्यामुळे गाडी बांधताना टीव्ही, रंगीत दिवे हे सगळं नंतर. आधी घट्ट झाकणाचं कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून रिकामी करता येते ते), आतून लागणारी कडी आणि पुरेसं पाणी. कॅसेट रिकामी करायची सोय आपल्याकडे रस्तोरस्ती नाही, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून विचारून ठेवा.

मुक्कामाचंही तसंच. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन धोरण आणलं, पण कॅरॅव्हॅन पार्कच्या, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या खास जागांच्या, भरवशावर दौरा आखू नका. मी एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) आवारात किंवा ओळखीच्या होमस्टेच्या अंगणात गाडी लावते. होमस्टेवाल्या वहिनींना जेवणाचे पैसे मिळतात, आम्हाला वीज, पाणी आणि शेजार मिळतो. रात्री निर्जन किनाऱ्यावर थांबायचा आग्रह गिऱ्हाइकाने कितीही केला तरी नाहीच म्हणायचं. वाळूत तर गाडी घालायचीच नाही.

विजेचा हिशोब शिकून घ्या. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत साधारण सव्वा युनिट वीज मावते. पंखा, दिवे, छोटा फ्रिज यांना रात्रभर पुरते. त्यावर इंडक्शन लावलं तर तासाच्या आत संपली. आणि एक नियम मी कोणासाठीच मोडत नाही: माणसं आत झोपलेली असताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवायचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचा जीव जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने गेला. या वायूला वास नसतो, झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. या वायूचा अलार्म बसवा, खिडकीची फट उघडी ठेवा.

स्टेपनी बदलणं यायलाच हवं. यात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, पंक्चर चाकाच्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करा, कारण जॅकवर उचलल्यावर पान्याबरोबर चाकच फिरायला लागतं. नट हाताने हलत नसेल तर पाना आडवा बसवून त्याच्या टोकावर पायाने वजन द्या. लांब दांड्याचा पाना ठेवलात तर साठीतल्या बाईलाही नट सुटतो, मी बघितलंय. नवा ग्रुप निघाला की मी हे अंगणातच करून दाखवते आणि एकीकडून करून घेते. वाटेत पंक्चर झालं की मग कोणी घाबरत नाही, उलट "मी करते, मी करते" सुरू होतं.

कमाई बारमाही नाही, हे लक्षात ठेवूनच नोकरीचा विचार करा. दिवाळी ते मे चांगलं जातं. जूनपासून पावसात गाडी उभी असते आणि हप्ता चालूच असतो. गणपतीत कोकणात प्रचंड गर्दी असते, पण ती घरी जाणाऱ्यांची, त्यांना व्हॅन लागत नाही. पावसाळ्याच्या चार हप्त्यांचे पैसे मे महिन्यातच बाजूला टाका. पहिला एक सीझन तरी नोकरी सोडू नका, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांवर चालवून बघा.

विसार देण्याआधी दुसऱ्या कोणाची तरी व्हॅन घेऊन चार रात्री राहा, शक्यतो त्यातली एक पावसात. गळतं कुठे, सांडतं कुठे, रात्री दोनला टॉयलेटला उठताना किती जणी जाग्या होतात, हे ब्रोशरमध्ये नसतं. नाशिकच्या आरटीओतही पहिल्यांदा एजंटाशिवाय स्वतः जाऊन या. आणि किती माणसांसाठी गाडी हवी, शिल्लक साधारण किती, ते खाली लिहा. ट्रॅव्हलर (मिनीबस) घ्यावी की छोटी गाडी, ते मग नीट सांगता येईल.