अमेरिकेतल्या ग्रामीण भागातल्या ‘काउंटी बोर्ड ऑफ हेल्थ’मध्ये नेमकं काय काम असतं? डॉक्टर नसलेल्या बाईने त्यात जावं का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे आयोवातल्या एका लहानशा गावात आलात, लायब्ररीच्या फळ्यावर ‘बोर्ड ऑफ हेल्थवर एक जागा रिकामी’ अशी चिठ्ठी दिसली, आणि आपण डॉक्टर ना नर्स, तर तिथे जाऊन करायचं काय, असा प्रश्न पडला. मी आयोवातल्याच एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २०१७ ते २०२२, म्हणजे तीन-तीन वर्षांच्या दोन मुदती, त्या खुर्चीत बसले. मीही डॉक्टर नाही. सांगलीला मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं आणि लग्नाआधी चार वर्षं एका लॅबमध्ये काचपट्ट्या पाहिल्या, एवढीच शिदोरी.

बोर्ड ऑफ हेल्थ म्हणजे साथीचे रोग आणि लसी, असं मनात घोळवत मी पहिल्या मीटिंगला गेले. विषयपत्रिकेवर काय, तर एका घराची सेप्टिक टाकी, दोन कुत्रे चावल्याच्या नोंदी, बुजवायच्या जुन्या विहिरी आणि नर्सबाईंच्या गाडीचे टायर. टायरवर वीस मिनिटं गेली.

रचना साधी आहे. आयोवात ९९ काउंट्या, आणि कायद्याच्या १३७ व्या प्रकरणाप्रमाणे स्थानिक आरोग्य मंडळं. आमच्या मंडळात पाच जण, त्यांतला एक डॉक्टर. नेमणूक करतात निवडून आलेले सुपरवायझर्स. त्यांना तुम्ही आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या पदाधिकाऱ्यांच्या जागी धरा. मानधन शून्य. माझी वर्णी लागली ती काही गुणांमुळे नव्हे. स्थानिक मंडळांवर बायका-पुरुष शक्यतो सारखे असावेत असा नियम २०१२ पासून होता आणि आमच्याकडे चार पुरुष होते. तो नियम २०२४ मध्ये रद्द झाला, त्यामुळे तुम्हाला ते दार आता नाही. पण खेड्यात अशा जागा कोणी न आल्यामुळेच रिकाम्या पडतात, त्याची काळजी नको.

प्रत्यक्ष काम करतात पगारी माणसं. आमच्याकडे दोन पब्लिक हेल्थ नर्स आणि एक सॅनिटेरियन, म्हणजे विहिरी-सांडपाण्याची तपासणी करणारा, तोही शेजारच्या काउंटीबरोबर वाटून घेतलेला. अशा वाटणीच्या कराराला इथे सगळे ‘अठ्ठावीस-ई’ म्हणतात, कायद्याच्या त्या प्रकरणावरून. बोर्डाने धोरण ठरवायचं, बजेट पाहायचं, तक्रार वर आली की निर्णय द्यायचा. नियमही करता येतात, मात्र सुपरवायझर्सनी मंजूर करून वर्तमानपत्रात छापल्याशिवाय ते लागू होत नाहीत.

आता विहिरी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे वडील जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक होते. सायकलच्या कॅरिअरला टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी, खिशात ‘ओटी’ची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाची बाटली. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे, नाही झालं की ग्रामपंचायतीच्या शिपायाला हाक. पाणी धोक्याचं म्हणून लाल कार्ड मिळालेल्या गावचा सरपंच आठवडाभर त्यांच्याशी बोलत नसे. त्यामुळे आमच्या सॅनिटेरियनबरोबर पहिल्यांदा एका फार्मवर गेले तेव्हा माहेरी आल्यासारखं वाटलं. त्याने स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी काढली, तोटी स्पिरिटने पुसली, पाच मिनिटं पाणी वाहू दिलं, मग लॅबची छोटी बाटली उघडली. आत चिमूटभर पांढरी पूड असते, पाण्यात क्लोरीन असेल तर ती मारायला. ती धुऊन टाकायची नाही, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बाटली बर्फाच्या डब्यात, आणि तीस तासांच्या आत लॅबला. हे सगळं चाललं असताना घरमालक दाराला टेकून म्हणत होता, ‘माझा बाप ब्याऐंशी वर्षं हेच पाणी प्यायला.’ हे वाक्य मी वडिलांच्या सायकलवर मागे बसून मराठीत कितीदा ऐकलंय!

इथे लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे खाजगी विहिरीला कोणी वाली नाही. १९७४ चा केंद्राचा पाणी कायदा सार्वजनिक पुरवठ्याला लागू होतो. तुमच्या अंगणातल्या बोअरचं पाणी ही तुमची जबाबदारी. म्हणून आयोवाने १९८७ च्या भूजल कायद्यातून काउंट्यांना पैसे द्यायची सोय केली. खतं आणि कीटकनाशकांवरच्या शुल्कातून तो निधी येतो, आणि त्यातून विहिरीची तपासणी फुकट होते, जुनी बिनवापराची विहीर बुजवायलाही मदत मिळते. पैसा पडून असायचा. तपासणी फुकट आहे हेच लोकांना माहीत नसायचं. ज्यांना माहीत होतं त्यांना सरकारी माणूस अंगणात नको असायचा.

मक्याला घातलेलं नत्र आणि डुकरांचं खत झिरपून पाण्यात उतरतं, त्याचं नायट्रेट होतं. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट बनतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते. बाळ निळसर पडतं. हा आजार वैद्यकशास्त्राच्या नजरेस आणला तोच मुळी आयोवात: डॉ. हंटर कोमली यांनी १९४५ मध्ये शेतावरच्या विहिरींच्या पाण्याने आजारी पडलेल्या बाळांवर लिहिलं. अमेरिकेतली मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम. भारतात तुम्ही ४५ हा आकडा ऐकला असेल. तो घोटाळा नाही, तिथे पूर्ण नायट्रेट मोजतात आणि इथे त्यातलं नुसतं नायट्रोजन, अर्थ जवळपास एकच.

आमच्याकडे एक तरुण जोडपं जुन्या फार्महाउसमध्ये भाड्याने आलं. बाळ दोन महिन्यांचं, पावडरच्या दुधावर. नर्सबाई भेटीला गेल्या, विहीर पाहिली आणि बाटली भरून आणली. आकडा आला २४. आई घाबरून म्हणाली, ‘पण मी तर पाणी दहा मिनिटं उकळते!’ इथेच गोम आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि तेच नायट्रेट आणखी दाट होतं. ती बिचारी जितकी जास्त काळजी घेत होती तितकं बिघडवत होती. आपणही ‘पाणी उकळून प्या’ यावर वाढलेली माणसं, म्हणून मुद्दाम सांगते. त्यांना त्याच दिवशी दुकानातलं पाणी सुरू करायला लावलं. बाळ ठणठणीत राहिलं, आणि म्हणूनच ही गोष्ट कुठे छापून आली नाही.

दुसरा मोठा विषय सांडपाणी. १ जुलै २००९ पासून आयोवात घर विकताना सेप्टिकची तपासणी करावी लागते. तोवर कितीतरी जुन्या घरांचा पाइप टाकीतून सरळ शेताखालच्या निचरा-नळीत सोडलेला, तिथून ओढ्यात. आमच्यापुढे एक प्रकरण आलं. आई वारलेली, दोन मुलगे घर विकताहेत, गिऱ्हाईक तयार, आणि तपासणीत हेच निघालं. नवी टाकी आणि पाणी जिरवायच्या चरींचा अंदाज बारा हजार डॉलर. थोरला उभा राहून म्हणाला, ‘आजोबांपासून असंच आहे, ओढ्यातले मासे मेले का?’ जानेवारी होता, जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे लगेच खोदणं शक्यच नव्हतं. खरेदीदाराने लेखी हमी द्यायची आणि जूनअखेर काम करायचं, असा ठराव झाला. अनुमोदन मी दिलं. तो थोरला आमच्या रस्त्यावरच राहायचा. दर ऑगस्टमध्ये त्याच्याकडून गोड मक्याची पिशवी दारात यायची. त्या वर्षी आली नाही. पुढच्याही नाही.

हीच या कामाची खरी अडचण आहे आणि लायब्ररीच्या फळ्यावरच्या चिठ्ठीत ती लिहिलेली नसणार. मुंबई-पुण्यात पालिकेचा अधिकारी नोटीस देऊन लोकलच्या गर्दीत नाहीसा होतो. इथे तुम्ही ज्याच्याविरुद्ध मत दिलं तो शनिवारी किराणा दुकानात तुमच्या मागे रांगेत असतो. मीटिंग सगळ्यांसाठी खुली, कोण काय बोललं ते इतिवृत्तात, आणि इतिवृत्त आठवड्याच्या पेपरात. अधिकार कागदावर पुष्कळ आहेत. चालतं मात्र सगळं ओळखीवर. आमचा सॅनिटेरियन अबोल होता, पण प्रत्येक घरच्या कुत्र्याचं नाव त्याला पाठ, आणि तेवढ्यावर त्याला फाटकं उघडी मिळत.

आणि काही ठिकाणी अधिकार कागदावरही नाहीत. सर्वांत जास्त तक्रारी कशाच्या, तर डुकरांच्या शेडच्या वासाच्या. राज्यात माणसं सुमारे ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर, तेव्हा नवल नाही. लोक नाकाला रुमाल लावून सांगायला येत, आणि आम्ही ऐकून घेत असू. हंबोल्ट काउंटीने एकदा स्वतःचे नियम केले होते. १९९८ मध्ये आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले आणि विधिमंडळाने काउंट्यांना या बाबतीत वेगळे नियम करायलाच बंदी घातली. मोठी शेड बांधायची तर ८८० पैकी ४४० गुण मिळवायचा एक तक्ता असतो, तोही सुपरवायझर्सच्या टेबलावर, आरोग्य मंडळाच्या नाही. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. कारखान्याला आपण कारखाना म्हणतो, मग हजारो डुकरांच्या शेडला शेती का म्हणायचं?

बाकीची कामं झरझर सांगते. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून लक्ष ठेवायचं. झोपायच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तर ते झाडूने ठेचायचं नाही, कारण रेबीजची तपासणी मेंदूवर होते. एका बाईंनी ते आइस्क्रीमच्या डब्यात घालून थेट आमच्या मीटिंगला आणलं होतं, झाकणावर ‘व्हॅनिला’. १९७८ च्या आधीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून शाळेआधी मुलांची रक्ततपासणी सक्तीची आहे. नर्सबाई घरी जातात तेव्हा परदेशातून आणलेलं काजळ, सिंदूर, हळद यांचीही चौकशी करतात. मी माझी काजळाची डबी त्यांना नमुना म्हणून दाखवली, तर त्यांनी ती चिमट्याने धरली. आणि घराच्या तळघरात रेडॉन. हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, फुप्फुसाचा कॅन्सर करणारा, आणि आयोवाच्या सगळ्या ९९ काउंट्या सर्वांत जास्त धोक्याच्या गटात. तपासणीचं किट स्वस्त मिळतं, घर घ्याल तेव्हा आधी ते करा.

कोविडबद्दल थोडंच. २०२१ च्या सुरुवातीला लशी मोजून यायच्या आणि फोन सकाळी आठलाच अडकायचे. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ऑनलाइन फॉर्म जमेना, म्हणून मी आणि डॉक्टरसाहेबांची बायको दोघी चर्चच्या तळघरात लॅपटॉप घेऊन बसलो. त्याच वर्षी मेमध्ये राज्याने काउंट्या आणि शहरांचे मास्कसक्तीचे अधिकार काढून घेतले. एका मीटिंगला चाळीस लोक आले, त्यांतल्या काहींनी मला माझ्या देशात परत जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण केळ्याचा केक घेऊन आली, काहीच न बोलता. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या.

तर, जावं का? लॅबचा रिपोर्ट वाचता येत असेल, बजेटच्या रकान्यात चूक सापडवायची खोड असेल आणि कोणी फटकून वागलं तर रात्री झोप लागत असेल, तर नक्की. वैद्यकीय ज्ञान लागलंच तर डॉक्टर शेजारी बसलेला असतो. आमचे डॉक्टर तर सेप्टिकच्या विषयात माझ्याकडे बघायचे. दर दोन महिन्यांनी संध्याकाळचे दोन तास, आणि जुलैत आर्थिक वर्ष सुरू होतं म्हणून त्याआधी हिवाळ्यात बजेटच्या दोन जादा बैठका, एवढा वेळ जातो. व्हिसावर असाल तर नेमणूक चालते का, हे आधी कोर्टहाउसमध्ये ऑडिटरच्या खिडकीवर विचारून घ्या. अर्ज करण्याआधी एका मीटिंगला जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. विषयपत्रिका किमान एक दिवस आधी दारावर लावावी लागते, आणि कोणी तुम्हाला उठवू शकत नाही. थर्मासमध्ये चहा न्या, तिथली कॉफी म्हणजे कप विसळलेलं पाणी.

आणि भाड्याच्या घराला विहिरीचं पाणी असेल, तर नेमणुकीची वाट पाहू नका. उद्याच फोन करून बाटली मागवा.