सातबाऱ्याच्या सीएसव्हीसाठी कमांड लाइन टूल: क्षेत्र का चुकतं आणि पिप का अडतं

प्रश्न असा आहे: मुळशीतल्या एका गावाच्या सातबाऱ्यांची सीएसव्ही एकर-गुंठ्यांत बदलायचं टूल पायथनमध्ये लिहिलंय, काही गटांचं क्षेत्र भलतंच येतं, आणि उबुंटूवर पिप (पायथनची पॅकेजं घालणारं साधन) ते इन्स्टॉल करू देत नाही. इन्स्टॉलचं काम सोपं आहे, ते नंतर. आधी क्षेत्र, कारण ते चुकलं तर बाकी सगळं फुकट.

तुम्ही क्षेत्राचा रकाना दशांश संख्या म्हणून वाचताय. शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर.आर.चौ.मी. असं असतं (आर म्हणजे १०० चौ.मी.). १.२५.५० म्हणजे १२,५५० चौ.मी. दोन टिंबं असली की पायथनचा फ्लोट (दशांश संख्या वाचणारं फंक्शन) एरर देऊन थांबतो, ते बरंच. खरा धोका एका टिंबाचा. सातबाऱ्याच्या २०२० च्या सुधारित नमुन्यात बिनशेतीचं क्षेत्र आर.चौ.मी.मध्ये येतं. तिथलं २५.५० म्हणजे २,५५० चौ.मी., पण हेक्टर समजून वाचलं तर २,५५,००० होतात. थेट शंभरपट. म्हणून एकक वेगळ्या रकान्यात घ्या. ते नसेल तर टूलने अंदाज न बांधता ओळ क्रमांक सांगून थांबावं. नुसतं १.५ आलं तरी थांबावं. ते १ हेक्टर ५ आर की दीड हेक्टर, हे मूळ उतारा बघूनच ठरतं.

आत सगळं क्षेत्र पूर्णांक चौरस मीटरमध्ये ठेवा. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौ. फूट, म्हणजे १०१.१७१४ चौ.मी. गुंठा आणि आर एकच धरला तर सव्वा टक्क्याच्या जवळपास फरक पडतो. राउंडिंग फक्त छापताना करा. चाचणीसाठी १.२५.५० द्या, ३ एकर ४.०५ गुंठे यायला हवेत. प्रत्येक ओळीला लागवडयोग्य अधिक पोटखराबा बरोबर एकूण, हेही तपासा. टायपिंगच्या बऱ्याच चुका इथेच सापडतात.

गट आणि हिस्सा नंबर कायम मजकूर म्हणूनच ठेवा. १२/१ ची एक्सेल तारीख करतं, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ नंबर परत मिळत नाही. देवनागरी अंक पायथनचा इंट (पूर्णांक वाचणारं फंक्शन) स्वतःच वाचतो, त्यासाठी वेगळी लायब्ररी नको. नावांना एनएफसी (युनिकोड मजकूर एकाच रूपात आणणारी पद्धत) लावा, नाहीतर ‘ऱ’ दोन प्रकारे साठवला जातो आणि एकच खातेदार दोनदा दिसतो. अक्षरं जोडणारी अदृश्य चिन्हं (झीरो विड्थ जॉइनर) सरसकट काढू नका, काही फाइलींत ‘ऱ्य’ त्यांच्यावरच उभा असतो. एक्सेलसाठीची सीएसव्ही बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) यूटीएफ-८ मध्ये लिहा.

आता इन्स्टॉल. उबुंटू २३.०४ पासून सिस्टमच्या पायथनमध्ये पिप थेट काही घालू देत नाही, एक्स्टर्नली मॅनेज्डचा (हे पायथन सिस्टमच सांभाळते) एरर देतं. ब्रेक सिस्टम पॅकेजेसचा पर्याय वापरून ते जबरदस्तीने करू नका, सिस्टमची इतर साधनं त्याच पायथनवर चालतात. पायप्रोजेक्ट टॉमल या टूलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रोजेक्ट स्क्रिप्ट्सखाली कमांडचं नाव आणि मुख्य फंक्शन लिहा, अ‍ॅप्टने पिपेक्स (प्रत्येक टूल स्वतंत्र पायथन वातावरणात घालणारं साधन) घ्या, टर्मिनलला कमांड सापडावी म्हणून त्याचा एन्शुअरपाथ चालवा, नवीन टर्मिनल उघडा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमधून पिपेक्सने इन्स्टॉल करा. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर बहुधा टर्मिनल जुनंच आहे.

पुढे नकाशेही जोडणार असाल तर जीडॅल या नकाशांच्या लायब्ररीचं पायथन पॅकेज टाळा. त्याची आवृत्ती सिस्टमच्या जीडॅलशी जुळली नाही की बिल्ड फसतं. त्यापेक्षा जीडॅलचीच ओजीआर-टू-ओजीआर ही कमांड बाहेरून चालवा. मुळशी, म्हणजे पुणे जिल्हा, यूटीएम या नकाशा-निर्देशांक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, त्याचा ईपीएसजी कोड ३२६४३; नागपूरकडचा डेटा आला तर ४४ लागेल. आउटपुट जिओपॅकेज या नकाशा-फाइलच्या प्रकारात ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला १० अक्षरं आणि मजकुराला २५४ बाइट्स मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं, म्हणजे ८४ चिन्हांवर सामायिक खात्यातली नावं मधेच तुटतात.

कोड सार्वजनिक करताना सोबतच्या नमुना फाइलमधून खातेदारांची नावं आणि खाते क्रमांक काढून काल्पनिक घाला. गिटच्या इतिहासातही खरी फाइल राहिलेली नाही ना, ते पाहा.