४० लाख एकरकमी की महिना २५ हजार?

प्रश्न: आठ वर्षं आम्ही वेगळे राहतोय. घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात रेंगाळलाय. आता नवरा परस्परसंमतीला तयार आहे: एकरकमी ४० लाख किंवा दरमहा २५ हजार. भाऊ म्हणतो, घाई नको, सुप्रीम कोर्ट मोडलेलं लग्न लगेच रद्द करतं, तिथे जास्त मिळेल. माझा पगार ३८ हजार, मुलगी आठवीत, फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर.

उत्तर: ताई, भावाने ऐकलंय ते अर्धंच. १ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सावरण्यापलीकडे गेलेला विवाह सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली संपवू शकतं. पण तो त्यांचा विवेकाधिकार, तुमचा हक्क नव्हे. त्यासाठी थेट दिल्लीला अर्ज करता येत नाही, आणि खालच्या कोर्टांना तो अधिकारच नाही. तिथवर पोचेपर्यंत वकिलाची फी तुमच्या पगारातूनच जाणार. शिवाय तिथे रक्कम वाढेलच असं कोण सांगतं?

मी एकरकमी घ्या म्हणेन. ४० लाख सात टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला २ लाख ८० हजार, म्हणजे महिना २३ हजारांच्या वर. त्याच्या २५ हजारांहून जेमतेम पावणेदोन हजार कमी, आणि मुद्दल तुमच्या नावावर शाबूत. मासिक पोटगी ठरली की त्याची नोकरी गेली, हप्ते थकले, तर वसुलीसाठी पुन्हा तुम्हीच कोर्टाच्या पायऱ्या चढणार. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम कमी करून मागायचीही त्याला मुभा असते. तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर ती बंदही होऊ शकते.

कराचा बाऊ करू नका. एकरकमी पोटगी भांडवली जमा धरतात, म्हणजे तिच्यावर कर नाही; मासिक करपात्र. पण तुमचं उत्पन्न दोन्ही पर्यायांत १२ लाखांच्या आतच राहतं, म्हणून नव्या करप्रणालीत फरक पडणार नाही.

खरी गोम कर्जात आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा बँकेवर बंधनकारक नसतो. त्याने हप्ता चुकवला की सिबिल तुमचंही बिघडतं. परस्परसंमतीच्या घटस्फोटात कोर्टापुढे दोन तारखा असतात, मध्ये सहा महिने. फ्लॅट तो ठेवणार असेल तर दुसऱ्या तारखेआधी त्याला कर्ज फेडायला लावा, किंवा बँकेकडून तुमचं नाव काढल्याचं लेखी पत्र घ्या. तोंडी 'मी भरतो' चालणार नाही. पैशांचंही तसंच: काही रक्कम पहिल्या तारखेला, उरलेल्याचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या तारखेला कोर्टासमोर, जबाब नोंदवण्याआधी हातात. दोन तारखांमधले हे सहा महिने माफ करायचा अर्ज करता येतो. २०१७ पासून ती सोय आहे. आठ वर्षं वेगळं राहिलेल्यांना ती मिळायला हरकत नसावी.

मुलीचा खर्च या ४० लाखांत मिसळू देऊ नका. तिचा हक्क वेगळा आहे, तुम्ही लिहून दिलात तरी सुटत नाही. कॉलेजच्या फीचं कलम संमतीपत्रात स्वतंत्र घाला. आणि पीएफ, विमा, बँक खाती यांवर नॉमिनी अजून तोच असेल, तर तो बदलायचा फॉर्म हुकूमनामा हाती आला की त्याच आठवड्यात भरा.